गावच्या नाटकात पार्ट करायचा आहे, हातभार लावायचा आहे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पोळा सरला की पारावर, पानठेल्यावर, धानाच्या बांधीत एकच विचारणा सुरू होते: यंदा नाटक कोणतं बसवता, पार्ट कोणाकोणाला? दरवर्षी येणाऱ्या प्रश्नांची उत्तरं इथे एका जागी लिहून ठेवली आहेत. आमचं मंडळ हौशी आहे, वडसा-ब्रह्मपुरी पट्ट्यातल्या एका गावचं. तुमच्या गावी काही गोष्टी वेगळ्या असतील, पण झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भाच्या या धानाच्या पट्ट्यात, बहुतेक ठिकाणी कामाची रीत साधारण अशीच असते.

वडशात एवढ्या नाटक कंपन्या आहेत. वर्गणी करून एखादी बोलवावी. गावच्याच पोरांना कशाला उभं करता?

हा प्रश्न सगळ्यात जास्त वेळा येतो, म्हणून त्याचं उत्तर आधी.

कंपन्यांबद्दल आम्हाला आदर आहे. देसाईगंज, म्हणजे आपलं वडसा, हे या रंगभूमीचं मुख्य ठाणं. दिवाळीपासून होळीच्या मागेपुढेपर्यंत तिथल्या कंपन्यांच्या गाड्या गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया जिल्ह्यांत गावोगाव फिरतात. नट, नटी, पेटीवाले, तबलजी, पडदेवाले, मेकअपवाले अशा कितीतरी घरांची चूल त्यावर पेटते. कुरखेडा तालुक्यातल्या गुरनोलीचे परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली, ती याच रंगभूमीवर घातलेल्या हयातीसाठी. त्यांच्या नावावर ५,००० च्या वर प्रयोग आणि ८०० च्या आसपास भूमिका सांगितल्या जातात. कंपनीचं नाटक आम्हीही थंडीत कुडकुडत, घोंगडी गुंडाळून पहाटेपर्यंत पाहतो.

पण ही रंगभूमी उभी राहिली ती गावच्या माणसांच्या जिवावर. दंडार असो की खडी गंमत, या जुन्या लोकनाट्यांत नाचणारे, गाणारे, सोंग काढणारे गावचेच होते. दिवसा नांगर धरणारा माणूस रात्री राजा व्हायचा आणि समोर बसलेल्या हजार माणसांना तो कोणाचा कोण हे ठाऊक असायचं, तरी ती माणसं त्याच्यासाठी रडायची. गावचा माणूस स्टेजवर उभा राहायचा बंद झाला तर कंपन्यांनाही उद्या नट मिळणार कुठून? आज नावाजलेले कितीतरी कलावंत पहिल्यांदा तोंडाला रंग लावून उभे झाले ते आपल्या गावच्याच पटाच्या, म्हणजे बैलांच्या शर्यतीच्या दिवशीच्या, नाटकात. कंपनी जरूर बोलवा. पण वर्षातून एक नाटक गावचं असू द्या, एवढाच आमचा हट्ट आहे.

निवड कधी, तालीम कधी, प्रयोग कधी?

सगळं धानावर अवलंबून असतं. हलकं धान दसऱ्याच्या सुमारास कापायला येतं, भारी धान दिवाळीनंतर. म्हणून निवड पोळा आणि घटस्थापना यांच्यामधल्या दिवसांत उरकतो. वाचन कोजागिरीला सुरू होतं. कापणी-बांधणीच्या ऐन दिवसांत तालीम फक्त रात्री जेवणं झाल्यावर, दोन तास. चुरणं, म्हणजे मळणी, आटोपलं की मग रोज आणि जास्त वेळ.

प्रयोग शंकरपटाच्या दिवशी. दिवसा पट, रात्री नाटक, ही जुनी जोडी. २०१४ च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने बैलांच्या शर्यती थांबवल्या आणि २०२१ च्या डिसेंबरात पुन्हा परवानगी दिली. मधल्या वर्षांत पट नव्हता, म्हणून काही गावांत नाटकाचीही घडी विस्कटली. ज्या गावांनी मंडईच्या, म्हणजे दिवाळीनंतरच्या गावजत्रेच्या, निमित्ताने नाटक धरून ठेवलं त्यांच्याकडे पोरं तयार राहिली. मे २०२३ च्या निकालाने शर्यतींचा कायदा कायम झाला, आणि आता पटाची तारीख ठरली की नाटकाची ठरते.

ऑडिशनला काय करायला लावता? काही पाठ करून यायचं का?

पाठ करून येऊ नका. पाठ केलेलं ऐकलं की तुम्ही घरी आरशासमोर काय केलं ते कळतं, तालमीत तुम्ही काय कराल ते कळत नाही.

शाळेच्या व्हरांड्यात सगळे बसतात. जे नाटक बसवायचं त्यातलं एक पान हातात देतो. एकदा मनात वाचा, मग मोठ्याने वाचा. त्यानंतर दिग्दर्शक एक गोष्ट बदलायला सांगतो: हेच वाक्य आता बापाशी भांडून आलेल्या पोरासारखं म्हणा, किंवा समोरचा मेला आहे हे तुम्हाला अजून माहीत नाही असं समजून म्हणा. खरी परीक्षा इथे होते. पहिल्यांदा कसं वाचलं याला आम्ही फार किंमत देत नाही. सांगितल्यावर बदललं का, हे बघतो. सांगूनही जो तसंच वाचतो तो गुणी असला तरी तालमीत सगळ्यांचा वेळ खातो.

मग मैदानावर जायचं. तुम्ही शाळेच्या पायरीवर उभे, दोघं जण मैदानाच्या टोकाला. ओरडायचं नाही, बोलायचं, आणि टोकाला शब्द पोचले पाहिजेत. स्टेजवर वरून माईक टांगलेले असतात हे खरं, पण माईक वाक्याची शेपटी उचलत नाही. आपल्याकडे बहुतेकांचं वाक्य जोरात निघतं आणि शेवटचे दोन शब्द घशात बसतात. नेमकं क्रियापद तिथेच असतं, त्यामुळे मारलं की मारणार हेच मागच्यांना कळत नाही.

गाण्याचा पार्ट असेल तर पेटीवाले काका एक कडवं म्हणून घेतात आणि तुमची पट्टी लिहून ठेवतात. पुरुषांचा गळा बहुधा पेटीच्या काळी एक-दोनला बसतो, बायकांचा काळी चार-पाचला. तुमचा कमी-जास्त असला तर काळजी नको, पेटी तुमच्या गळ्याप्रमाणे धरता येते. झाडीपट्टीच्या नाटकात गाणं वजा करून चालत नाही, लोक वन्समोअर घेतात. त्यामुळे बेसूर माणसाला गाण्याचा पार्ट मिळणार नाही, मग तो कोणाचाही भाचा असो.

मला वाचता येत नाही. मग नाव द्यायचंच नाही का?

द्या. प्रॉम्प्टर वाक्य सांगेल, तुम्ही म्हणून दाखवा. शेतावर रोवणीची गाणी म्हणणाऱ्या आमच्या कितीतरी बायांना एकदा ऐकलेलं वाक्य जसंच्या तसं लक्षात राहतं, आणि कागद हातात नसल्यामुळे त्या समोरच्याच्या डोळ्यात बघून बोलतात. शिकलेल्या पोरांना ते शिकवायला आम्हाला महिना लागतो.

आम्ही घरी झाडीबोलीत बोलतो. पुस्तकी मराठी जमत नाही. लोक हसतील का?

पात्राची भाषा कोणती, यावर ते ठरतं. शेतकरी, मोलकरीण, गावचा कोतवाल, विनोदी पात्र यांच्या तोंडी झाडीबोली असली तर नाटक जिवंत होतं, आणि तिथे आम्ही तुमचं बोलणं मुळीच बदलणार नाही. ‘डोरा’ म्हणा, ‘पानी’ म्हणा, ‘काहून’ म्हणा. वकील, डॉक्टर, ऐतिहासिक नाटकातला सरदार असा पार्ट असेल तर ळ आणि ण जिभेवर बसवावे लागतात. त्याची वेगळी तालीम घेतो. रोज पंधरा मिनिटं मोठ्याने वाचलं तरी दिवाळीपर्यंत फरक पडतो. कोणाच्या बोलीवर तालमीत हसायचं नाही, हा नियम आहे आणि तो आम्ही पाळायला लावतो.

मुलीला, सुनेला नाटकात पाठवायचं म्हणजे घरचे काय म्हणतील, गाव काय म्हणेल?

याबद्दल सविस्तर लिहितो, कारण मंडळाचं सगळ्यात अवघड आणि सगळ्यात गरजेचं काम हेच आहे.

पूर्वी बायांचे पार्ट पुरुषच करायचे. पुढे नटी बाहेरून आणायची पद्धत पडली: नायक गावचा, खलनायक गावचा आणि नायिका नागपूर-वडशाहून दोन दिवसांसाठी आलेली. तिच्यासोबत एकच तालीम व्हायची, तीही प्रयोगाच्या आदल्या दिवशी. त्या बायांनी फार मोठं काम केलं आहे. अनोळखी गावात, रात्रभर, हजारो लोकांसमोर त्यांनी हे नाटक तोलून धरलं, आणि कुजबुजही त्यांच्याच वाट्याला आली. गावाने त्यांचा मान राखला पाहिजे होता, तेवढा तो राखला गेला नाही, असं माझं मत आहे.

आमच्या नाटकात आता गावच्या मुली आणि बाया पार्ट करतात. त्यासाठी आम्ही काय करतो ते घरच्यांना कळावं म्हणून सांगतो. तालमीला कमीत कमी तीन बाया असल्याशिवाय बायांचा प्रवेश बसवायला घेत नाही. आई, सासू, नणंद, ज्यांना यायचं त्यांनी येऊन बसावं. त्यांच्यासाठी सतरंजी आणि चहा असतो. कपडे बदलायला वेगळी, आतून कडी लागणारी खोली असते आणि तिच्या दारावर बाईच बसते. अंगाला हात लावावा लागेल असा प्रसंग असला, म्हणजे बापाने मुलीला जवळ घेणं किंवा नवऱ्याने हात धरणं, तर तो कसा करायचा हे दिग्दर्शक सगळ्यांसमोर आधी ठरवतो आणि दोघांची तयारी असेल तरच ठेवतो. तालमीत मोबाइलने फोटो, व्हिडिओ काढायचा नाही. मुलीचा फोटो विचारल्याशिवाय गावच्या ग्रुपवर टाकणाऱ्याला पुन्हा तालमीला बोलावत नाही.

तालीम सुटली की कोणी एकटं जात नाही. हे बायांपुरतं नाही, सगळ्यांसाठी आहे. आपला भाग वाघाचा आहे. ब्रह्मपुरीच्या जंगलाला लागून राहणाऱ्याला हे सांगायला नको. गावातल्यांना चार-पाच जणांच्या टोळीने घरापर्यंत सोडतो. शेजारच्या गावाहून येणारे रात्री जंगलाच्या रस्त्याने परत जात नाहीत, मंडळातल्या कोणाच्या तरी घरी मुक्काम करतात.

घरी बोलायला आमच्यातल्या दोन वडीलधाऱ्या बाया येतात. पुरुष मंडळी जाऊन आग्रह करत नाहीत, त्याने उलट दडपण येतं. नाही म्हटलं तर विषय तिथेच संपतो. मात्र बऱ्याच घरी नकार मुलीचा नसतो, ‘लोक काय म्हणतील’ याचा असतो. लोक काय म्हणतात ते प्रयोगाच्या रात्री दिसतं. पाहुणे आलेले असतात, लेकी माहेरी आलेल्या असतात, सोयरिकीची बोलणीही नाटकाच्या निमित्ताने होतात, आणि सगळ्यांच्या तोंडी एकच असतं: ती कोणाची पोरगी, काय बोलली!

पार्ट मिळाला नाही तर?

वाईट वाटेल. वाटू द्या, ते खरं आहे. काय कमी पडलं ते विचारा, आम्ही तोंडावर सांगतो. काही वेळा काहीच कमी पडलेलं नसतं, नायक-नायिकेची उंची जुळत नाही किंवा दोघांचा आवाज एकाच जातीचा असतो. दोन-तीन मोठ्या पार्टांना बदली माणूस तयार ठेवतोच, कारण हिवाळ्यात घसा बसतो. बदली माणसाने पूर्ण पार्ट पाठ करायचा असतो आणि महिन्यातून दोन तालमी त्याच्याच होतात.

मला स्टेजवर यायचं नाही. कामाला माणसं लागतात का?

स्टेजवर पंधरा माणसं असली तर मागे-पुढे पन्नास लागतात. खरी टंचाई इथेच आहे.

सगळ्यात मोठं काम प्रॉम्प्टरचं, आणि ते मागायला कोणी येत नाही. नाटक रात्री दहाच्या पुढे सुरू होऊन पहाटेपर्यंत चालतं. इतका वेळ विंगेत पुस्तक धरून एकेका ओळीवर बोट ठेवून बसायचं. नट थांबला तर तो मुद्दाम थांबला की विसरला, हे त्याच्या खांद्यावरून ओळखायचं. विसरलेल्या माणसाचा खांदा आधी विंगेकडे वळतो, मान मागून. पूर्ण वाक्य सांगायचं नाही, पहिले दोन शब्द फेकायचे आणि तेही माईकमध्ये जाणार नाहीत अशा दबक्या पण स्पष्ट आवाजात. प्रॉम्प्टरला प्रत्येक तालमीला यावं लागतं. आमच्या मते नायकानंतरचा मान त्याचा. नव्हे, बरोबरीचाच.

पडदेवाल्यांनाही डोकं लागतं. रस्ता, महाल, जंगल, झोपडी असे रंगवलेले पडदे एकामागे एक गुंडाळलेले असतात, आणि कोणत्या घंटीला कोणती दोरी सोडायची हे अंधारात कळलं पाहिजे. शिवाय कपडेपट सांभाळणारे, मेकअपला हाताखाली राहणारे, तिकीट फाडणारे, बांबू-कापडाचा शामियाना उभा करणारे, बायांच्या बाजूला लक्ष ठेवणाऱ्या बाया, पाण्याच्या ड्रमवर बसणारे, पार्किंगला शिट्टी फुंकणारे. म्हाताऱ्यांना धरून खुर्चीपर्यंत नेणारी शाळकरी पोरंही चालतात.

प्रयोगाआधीच्या दोन दिवसांत हातात फावडं घेणारे हवेत. कापलेल्या बांधीतला धसकटाचा भाग साफ करून, जमीन चोपून, वर तनीस, म्हणजे धानाचा वाळका पेंढा, अंथरावी लागते. त्या तनशीमुळेच आगीची भीती असते. म्हणून शामियान्यात बिडी-सिगारेट नाही, शेकोटी नाही, चारही कोपऱ्यांत वाळूच्या बादल्या आणि मागे पाण्याचा टँकर. हे काम ज्यांच्याकडे असतं त्यांनी त्या रात्री नाटक बघायचं नाही, माणसं बघायची.

वायरिंगचं काम मला येतं. लाइट मी लावू का?

मदतीला या. जबाबदारी मात्र परवानाधारक ठेकेदाराची राहील. महावितरणकडून तात्पुरती जोडणी रीतसर घेतो, खांबावर आकडा टाकत नाही, जनरेटर वेगळा असतो. ओल्या बांधीत उघडी वायर म्हणजे काय होतं ते गावाला माहीत आहे.

परवानग्यांचं काय? ते काम कोणी शिकवेल का?

शिकवू, आणि एखाद्या शिकलेल्या पोराने-पोरीने हे काम अंगावर घेतलं तर फार बरं होईल. ग्रामपंचायतीचं ना हरकत, पोलीस ठाण्याची परवानगी, ध्वनिक्षेपकाची परवानगी, नाटककाराचं लेखी परवानगीपत्र आणि त्याचं मानधन, ही मुख्य कागदपत्रं. संहितेला राज्याच्या रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र लागतं. छापील नाटक असेल तर ते आधीच घेतलेलं आहे का, हे लेखकाला विचारायचं. ध्वनिक्षेपकाचा विषय नाजूक आहे. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे रात्री १० ते सकाळी ६ बंदी असते, आणि आपली नाटकं तर रात्रीचीच. त्यामुळे अर्ज वेळेत करायचा, ठाण्यात स्वतः जाऊन बोलायचं आणि मिळालेल्या अटी पाळायच्या. भोंगे प्रेक्षकांकडे वळवून आवाज शामियान्यापुरता ठेवला तर तक्रारी होत नाहीत.

नाईटचे पैसे मिळतात का?

नाही. नाईट, म्हणजे एका रात्रीच्या प्रयोगाचे पैसे, कंपनीत असते, तिथे ते पोटाचं काम आहे. इथे पेटी-तबल्याची साथ करणारे आणि मेकअपवाले यांना ठरलेलं मानधन देतो, कारण त्यांचा तो व्यवसाय आहे. बाकी सगळे बिनपैशाचे, अध्यक्षापासून पाणी देणाऱ्यापर्यंत. तालमीचा चहा, प्रयोगाच्या रात्रीचं जेवण, कपडे, मेकअप हा खर्च मंडळाचा. तिकिटातून जे उरतं त्याचा हिशेब ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावतो आणि ते कशाला वापरायचं हे सगळ्यांनी बसून ठरवायचं.

दहावी-बारावीच्या मुलांना घेता का?

मोठा पार्ट देत नाही. बोर्डाची परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये आणि प्रयोग त्याच्या तोंडावर. छोटी मुलं आई-बापाच्या सहीने घेतो, त्यांचे प्रवेश पहिल्या अंकातच संपतील असं बघतो.

मी पुण्याला कामाला आहे. दिवाळीला येतो, मग पटाला. पार्ट मिळेल का?

बोलण्याचा मोठा पार्ट नाही. फोनवरून तालीम होत नाही, समोरच्याने वाक्य कसं टाकलं त्यावर आपलं वाक्य ठरतं. एका प्रवेशाचा पार्ट किंवा प्रयोगाच्या आठवड्यातलं काम नक्की आहे. बाहेरगावी असणाऱ्यांकडून आम्हाला आणखी एक हवं असतं: तुमच्या शहरात चांगली नाटकं बघा आणि आल्यावर तालमीत सांगा. तिथे प्रकाश कसा टाकला, प्रवेश कसा बदलला, आमची पोरं कान देऊन ऐकतात.

तालमीला किती वेळा गैरहजर राहिलं तर चालतं?

कापणी, घरचं आजारपण, मौत-मयत यांना कोणी अडवत नाही, फक्त निरोप द्या. निरोप न देता तीनदा आला नाही तर पार्ट बदली माणसाकडे जातो. यात सरपंचाचा मुलगा आणि मजुराचा मुलगा असा फरक केलेला नाही. दारू पिऊन आलेल्याला त्या रात्री परत पाठवतो, प्रयोगाच्या रात्री प्यायलेल्याला स्टेजवर चढू देत नाही. ती वेळ आली तर बदली माणूस उभा करू.

राज्य नाट्य स्पर्धेत उतरणार का?

इच्छा आहे. हौशी गटाची प्राथमिक फेरी चंद्रपूर, नागपूर केंद्रांवर होते. पण तिथे बंद नाट्यगृह, ठरलेला वेळ आणि वेगळं प्रकाशकाम असतं. रात्रभराचं आपलं नाटक कापून तिथे नेण्यापेक्षा स्पर्धेसाठी वेगळी छोटी संहिता बसवावी, असं आमच्यातल्या तरुणांचं म्हणणं आहे. कोणी लिहीत असेल तर वाचायला द्या.

नाव कुठे द्यायचं, येताना काय आणायचं?

पोळ्यानंतरच्या पहिल्या रविवारी संध्याकाळी शाळेच्या व्हरांड्यात. दवंडी होईलच. वही, पेन आणि वाचायचा चष्मा लागत असेल तर तो घेऊन या. स्टेजवर यायचं की मागे काम करायचं हे ठरलं नसेल तरी चालेल, दोन्हीकडे नाव लिहा. शेजारच्या गावाहून येत असाल तर रात्रीचा मुक्काम धरूनच घरी सांगून निघा.